सुनंदाकाकूंचं किचन आणि मुदत संपलेली पेटंट्स

वर्कशॉपमध्ये भंगार आणि किस्से सारख्याच वेगानं साठतात. भंगार गाडीत घालून कौन्सिलच्या कचरा डेपोत टाकून येता येतं, किस्से मात्र चहा ओतला की परत येतात.

आमचं वर्कशॉप म्हणजे इंग्लंडमधल्या स्लाऊ गावात एका कम्युनिटी हॉलच्या मागचं शेड. दर शनिवारी तिथे जमतात हॅरोचे जोशीकाका, ज्यांनी जन्मभर लोकांची पेटंट्स फाइल केली, ग्रॅहम, हा बस डेपोतला रिटायर्ड मेकॅनिक, आणि मी, साउथहॅम्प्टनला इंजिनिअरिंग शिकून इथे नोकरीला लागलेली. आणि ज्यांच्यासाठी जमतो त्या सुनंदाकाकू. स्ट्रोकनंतर त्यांचा उजवा हात चालत नाही.

त्यांचा मुलगा निखिल त्यांना साउथहॅम्प्टनला आपल्या घरी नेऊ पाहतोय. तो वाईट नाही. किचनच्या फरशीवर पडलेली आई त्यानंच पाहिली होती. काकूंना मात्र स्वतःच्या घरात, स्वतःच्या ओट्यापाशी राहायचंय. शेवटी दोघांचं ठरलं: कौन्सिलची थेरपिस्ट घरी येऊन काकूंना एकटीनं चहा करायला लावणार. ती हो म्हणाली तर काकू इथे, नाहीतर साउथहॅम्प्टन.

एका हातानं काम करता यावं म्हणून लोकांनी पूर्वी कितीतरी वस्तू शोधल्या, पेटंट केल्या. त्यांची मुदत कधीच संपलीय, आता त्या कुणीही बनवाव्यात. तरी कुणी बनवत नाही, याचा मला भयंकर राग येतो. म्हटलं, मग आपणच बनवू.

* * *

पहिली वस्तू मी बनवली, बटाटा घट्ट धरणारा चिमटा. पेटंटच्या चित्रात मापं नसतात, नुसती अक्षरं असतात. मी मधल्या गोल वस्तूवरून अंदाज बांधला, आणि मोठा घेतलेला बरा म्हणून थोडा वाढवला.

ग्रॅहमनं तो दोन्ही हातांनी उचलला. "यात बटाटा राहतो की भाड्यानं देतो?"

काकांनी चष्मा लावून माझे कागद पाहिले. "अगं, पुढचं पान वाचलंस का? हे गुरांसाठी टर्निपचे कंद कापायचं यंत्र आहे."

मी पहिल्या पानावरच कामाला लागले होते. काकूंनी तो ठेवून घेतला. त्यात कोबी छान बसतो म्हणाल्या.

* * *

जुन्या पेटंटांत एक लाडका शब्दप्रयोग असतो: 'सोयीच्या कोणत्याही साधनाने'. पट्टी ओट्याला कशी जोडायची? सोयीच्या कोणत्याही साधनाने. स्प्रिंग कशी अडकवायची? तशीच.

मी वैतागले. "जे खरोखर अवघड आहे, तिथेच हे लोक गप्प बसतात."

"त्याला स्वतःला जमलं नसणार," काका शांतपणे म्हणाले. "मीही माझ्या क्लायंट्सना तसंच लिहून द्यायचो."

* * *

ग्रॅहमचा जीव इंजिनात. कणीक मळायच्या हँडलवाल्या यंत्राला त्यानं बसच्या वायपरची मोटर लावली. कणीक भिंतीवर गेली. पुढच्या शनिवारी तो वाफेच्या इंजिनाचं जुनं पेटंट शोधून आला आणि वेग आवरणारे फिरते गोळे त्यावर बसवले. गोळे फिरले, कणीक या वेळी छतावर गेली.

"ग्रॅहम," काकू म्हणाल्या, "मला पोळ्या करायच्यात. त्याला बसचा रूट नंबर लावू नकोस."

त्यानं निमूटपणे मोटर काढली आणि हँडल परत लावलं. काकूंच्या डाव्या हातात बरोबर बसेल, असं वाकवून.

* * *

पातेलं कलतं करायचा पाळणा मात्र पहिल्याच झटक्यात जमला. उकळता चहा न उचलता ओतता येतो. काकूंनी त्याची दांडी उलटी लावून घेतली, कोपरानं ढकलता येईल अशी.

जोशीकाका उठून उभेच राहिले. "सुनंदा, हे कुठल्याच पेटंटमध्ये नाहीये. हे तुझं आहे. आपण फाइल करू. तोवर कुणाला दाखवायचं नाही हं."

"काल हळदीकुंकवाला सगळ्यांना दाखवलं की."

काका खाली बसले. "मग संपलं. एकदा चारचौघांत दाखवलं की पेटंट मिळत नाही."

"संपलं कसं? तिघींना असंच हवंय."

मला इतका आनंद झाला की मी त्याच दिवशी पत्रा कापायला घेतला.

* * *

आणि मग थेरपिस्टचा दिवस. ती वही घेऊन किचनच्या दारात उभी. आम्ही बाहेरच्या खोलीत सोफ्यावर, निखिल समोरच्या खुर्चीत. कुणीही मदत करायची नाही, बोलायचंही नाही.

तिनं एक कप चहा करायला सांगितला होता. काकूंनी मोठं पातेलं चढवलं. थेरपिस्ट म्हणाली, एकच पुरे. "घरात माणसं आहेत," काकू म्हणाल्या.

आलं किसलं. चहा उकळला. कोपरानं दांडी ढकलली, पाळणा कलला, सगळे कप भरले. थेंब सांडला नाही. ग्रॅहमनं माझा हात घट्ट धरला होता.

मग कप ओट्यावर तसेच राहिले. ट्रेला दोन हात लागतात. त्याचं पेटंट आम्ही कुणीच शोधलं नव्हतं.

निखिल हळूच म्हणाला, "आई, बट हे बाहेर कसं आणणार?"

काकूंनी वळून त्याच्याकडे पाहिलं.

"मी कशाला आणू? ज्याला प्यायचाय त्यानं आत यावं."

थेरपिस्टचं पेन थांबलं.

सगळ्यात आधी निखिल उठला आणि कप घ्यायला आत गेला.