नमो मारियाचा दुसरा अर्धा

आईची वाचा गेली तेव्हा स्पीच थेरपी करणारी मुलगी म्हणाली, "नवीन शब्द शिकवत बसू नका. आयुष्यभर पाठ असलेलं कधी कधी आधी परत येतं. फक्त सलग म्हणा. मध्ये तोडलंत की त्यांचा धागा सुटतो."

आईला पाठ म्हणजे रोझरी, मारियेची जपमाळ. गावी, उत्तनला, मासळी वाळत घालतानाही तिचे ओठ हलत असायचे. रोझरीत एक जण 'नमो मारिया' या प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग म्हणतो, बाकीचे दुसरा. तेव्हा मी पहिला म्हणायचा आणि थांबायचं. त्या थांबण्यात आईने बोलायचं. माझी श्रद्धा सणावारी इस्त्री करून घालण्यापुरती होती. पण आई बोलणार असेल तर मी वाटेल ते म्हणायला तयार होतो.

सलग म्हणायचं, हेच भाईंदरच्या आमच्या फ्लॅटमध्ये जमेना. संध्याकाळी आम्ही माळ घेऊन बसलो की वरच्या मजल्यावर ड्रिल सुरू व्हायचं. त्या घराचं काम आमच्या आयुष्यात तरी संपेल असं वाटत नव्हतं. मग कुकर, मग सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरवरून भांडण. फोन बंद केला तर डोक्यात ऑफिस सुरू. तोंडाने मारियेला कृपापूर्ण म्हणत मी मनात साहेबांच्या मेलला उत्तर लिहायचो, आणि ते प्रार्थनेपेक्षा जास्त मन लावून. पुढचा मणी कुठला, हेच मग कळायचं नाही. आई माझ्याकडे बघत राहायची आणि हळूच मान फिरवायची.

मदत म्हणून चर्चची मंडळी आली. गिटार, चाकं लावलेला स्पीकर आणि माईक. आमची खोली एवढीशी. माईकवाल्याने हात लांब केला असता तर आईच्या कपाळाला टेकला असता. त्याने देवाला आईचा आजार, औषधं आणि मजला सविस्तर सांगितला, जणू देवाकडे आधीचे कागद नव्हते. फोटो काढले. आईने भिंतीकडे तोंड केलं ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. त्यानंतरचे दोन आठवडे तिने माळ हातात धरली नाही. मी कोणाला काही बोललो नाही, कारण सगळे चांगल्या मनाने आले होते. हीच तर पंचाईत असते.

मग एका संध्याकाळी तिने स्वतःहून माळ घेतली. ड्रिलही बंद होतं. शेजारच्या वहिनी, मूळच्या रत्नागिरीच्या, नाचणीची पेज घेऊन आल्या आणि मी माळ म्हणतोय हे बघून चुपचाप पलंगाशी बसल्या. बरं चाललं होतं. मी पहिला अर्धा म्हटला आणि बेल वाजली. दारात वॉचमन.

"साब, आपका स्कूटर हटाओ ना, टेम्पो अंदर आना है।"

"अभी? दस मिनट रुको ना!"

"टेम्पोवाला गाली दे रहा है, साब।"

"तो मैं भी देता हूँ, चलेगा?"

मी किती वेळ तणतणलो कोण जाणे. चावी फेकली, दार आपटलं आणि आत आलो. वहिनींचा चेहरा उतरलेला. त्या मला बाजूला घेऊन कुजबुजल्या, "दादा, काकू मरणाबिरणाचं बोलल्या हो आत्ता. असं काय ते?"

"काय म्हणाली? नक्की काय?"

"आता आणि मरणाच्या वेळी... असं काहीतरी. स्पष्ट बोलल्या. तुम्ही रागावू नका त्यांना."

तो दुसरा अर्धा भाग होता, त्याचे शेवटचे शब्द: आता आणि मरणाच्या वेळी आमच्यासाठी विनंती कर. कितीतरी संध्याकाळी ज्यासाठी थांबलो ते आलं, तेव्हा मी पार्किंगवरून भांडत होतो. वहिनींना समजावून सांगितलं तर त्या रडायलाच लागल्या; मला रडूही येईना, स्वतःचाच इतका संताप आला होता.

"आई, परत म्हण ना. एकदाच."

तिने डोळे मिटले. दमली होती.

"मला नाही हो येत तुमचं," वहिनी डोळे पुसत म्हणाल्या, "पण बसू का मी? बेल वाजली तर मी बघते."

मी माळ उचलली आणि पहिला अर्धा भाग म्हटला, या वेळी प्रत्येक शब्द ऐकत. मग थांबलो. आईचे ओठ हलले नाहीत. मी थांबूनच राहिलो.