वाळूचा दांडा

समुद्र आमच्या वर्गात कुणीच पाहिला नव्हता. भोकरदन तालुक्यातली आमची शाळा. नववीच्या भूगोलात समुद्रकिनारा आला, तेव्हा सागरी गुहा, सागरी कमान, पुळण, खाजण हे सगळं आम्ही पाढ्यांसारखं घोकलं. कमान कोसळली की स्तंभ उरतो. का कोसळते? लाटा आपटतात म्हणून. लाट केवढी असते? ते पुस्तकात नव्हतं.

भूगोलाचे सर तालुक्याहून मोटारसायकलवर यायचे आणि वर्गात शिरताना माझ्याकडे बघून विचारायचे, "आमच्या भूगोलाच्या मॅडम आल्या का?" वर्ग हसायचा, मी फुगायचे. सर म्हणतील ती पूर्व दिशा, इतकी माझी भक्ती.

संचयन शिकवायच्या दिवशी सरांनी फळ्यावर वाळूचा दांडा काढला. म्हणाले, "लाटांनी आणलेली वाळू अशी साचत जाते. आपल्याकडं समुद्र न्हाई, पण नदी हाय की. सांगा बरं, आपल्या नदीत सगळ्यात जास्त वाळू कुठं साचते?"

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. मी ताडकन उभी राहिले. "सर, आमच्या शेताच्या मागं, वळणावर. माझी आई तिथंच झिरा करती."

झिरा म्हणजे नदी आटल्यावर वाळूत उकरलेला खड्डा. जरा वेळ बसून राहिलं की तळाशी नितळ पाणी जमतं, ते वाटीनं हंड्यात भरायचं. उन्हाळ्यात आमच्या वस्तीवरच्या बायांचं घर याच पाण्यावर चालायचं. विहिरी आटायच्या, पण झिरा आटला असं कधी ऐकलं नव्हतं.

शनिवारी सर अख्खा वर्ग घेऊन तिथं आले. सोबत गॉगल लावलेले एक पाहुणे होते. "माझे मेहुणे, सहज आलेत," सर म्हणाले. मी सगळ्यांच्या पुढं. वाळू कुठून कुठपर्यंत आहे, खडक कुठं लागतो, बैलगाडी कुठून खाली उतरते, सगळं मीच दाखवलं. सरांनी वाळूत पहार घालायला लावली, ती पार मुठीपर्यंत आत गेली. "बघा, हा संचयनाचा थर!" मेहुण्यांनी मोबाइलवर फोटो काढले. मला वाटलं, आमच्या अभ्यासाचे काढले. सरांनी सगळ्यांसमोर मला शाबासकी दिली आणि घरी येईपर्यंत माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

थोड्याच दिवसांत नदीत जेसीबी उतरला, मागून वाळू वाहायचे हायवा ट्रक. बैलगाडीच्या वाटेनंच. वडील बोलायला गेले आणि मान खाली घालून परत आले. मी बांधावर उभी होते. जेसीबीशेजारच्या गॉगलवाल्यानं मला ओळखलं, हातसुद्धा केला.

"सरांसंगं आल्ती ती तूच ना? जागा बिलकुल बराबर दाखवली बघ."

वस्तीवर वाढलेली पोर मी, शिव्या काय कमी येत होत्या? पण मी बांधावरून पळत घर गाठलं.

दुसऱ्या दिवशी भूगोलाच्या तासाला उभी राहिले. "सर, आमच्या झिऱ्याची वाळू उपसून राह्यलेत."

सरांनी पुस्तकातून मान वर केली नाही. "उभीच हायेस तर सांग, सागरी कमान कोसळल्यावर काय उरतं?"

"स्तंभ."

"बराबर. बस खाली."

केसानं गळा कापणं म्हणजे काय, ते मला त्या तासाला कळलं. चोरानं घर फोडलं तर माणूस निदान बोंब मारतं. इथं किल्ली माझ्याच तोंडून काढून घेतली होती, तीही गोड बोलून. पुढं मोठी झाल्यावर मी समुद्र पाहिला, पुळणीवर अनवाणी चाललेही, पण सगळा वेळ डोक्यात सरच होते. राग गेलेला नाही. तो जावा असं मला वाटतही नाही.

त्याच वर्षी चाचणी परीक्षेत प्रश्न आला: संचयनामुळे तयार होणारी तीन भूरूपे लिहा. मी पुळण लिहिलं, खाजण लिहिलं. तिसरी जागा वाळूच्या दांड्याची, ती मुद्दाम कोरी सोडली. पेपर हातात आला तर त्या कोऱ्या जागेपुढंही बरोबरची खूण होती आणि मार्क पूर्ण. म्हणजे सरांना सगळं कळलं होतं.

घरी आले तेव्हा आई लांबच्या हापशावरून येत होती. झिऱ्याच्या जागी आता नुसता चिखल होता. हंडा उतरवून तिनं घाम पुसला आणि मार्क विचारले. मी सांगितले.

"लई चांगले हाइत तुझे सर," ती म्हणाली. "मंग उद्या सरान्ला वांगे घेऊन जाय."

मोरीच्या पाण्यावर तिनं चार झाडं जगवली होती. मला तिला खरं सांगता आलं नाही. पिशवी घेऊन गेले. सरांनी ती हसत घेतली, एक वांगं उचलून उलटसुलट पाहिलं आणि म्हणाले, "असल्या उन्हात इतके ताजे? पाणी कुठून आणता गं?"

तोंडात तीळ न भिजणारी मी, काही बोलले नाही.