बाबांनी काढलेला फ्यूज

मी नेदरलँड्समधल्या नायमेखनमध्ये चिप टेस्टिंग करते. ज्याचं रीडिंग मिळत नाही ते माझ्या लेखी नसतंच. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी चहा ठेवायला उठते! त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंसं होतंय...

गेल्या उन्हाळ्यात बाबा आमच्याकडे आले होते. उभा जन्म वीज मंडळात लाइनमन. गावाबाहेर आम्ही भाड्याने बागेचा तुकडा घेतलाय, तिथल्या लाकडी खोपटात वीज नाही. बाबांनी तीन आठवडे खपून सोलर पॅनेल आणि लिथियमची बॅटरी बसवली. त्यांची सवय अशी, की काम करताना फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवायचा. "फ्यूज माझ्या खिशात, म्हणजे वर चढलेल्याचा जीव माझ्या खिशात," म्हणायचे. पॅनेलच्या फ्यूजवर त्यांनी माझ्याच नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. भारतात परत जाताना बजावलं, "शून्याखाली गेलं की हा काढायचा. गोठलेली बॅटरी चार्ज झाली तर कायमची मरते."

ऑक्टोबरमध्ये बाबा गेले. मी वेळेवर पोचले नाही.

जानेवारीत दोन दिवस लायडनला कॉन्फरन्स होती. दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर पाहिलं – बॅटरीचं तापमान उणे सहा, आणि बाहेर लख्ख ऊन. फ्यूज काढायला मी साफ विसरले होते. आदल्या दुपारी चार्जिंग झाल्याचंही दिसत होतं. तेव्हा निदान तापमान शून्याच्या वर होतं. बॅटरी काय, नवी मिळते हो. पण ती बाबांच्या हातची होती. निरोपाला पोचले नाही, आता हेही माझ्याच हातून जाणार, म्हणून ट्रेनमध्ये रडत आले. स्टेशनवरून सायकल हाणत बाग गाठली.

पॅनेलवर ऊन होतं, वाटेवरच्या ताज्या बर्फात फक्त माझ्या पावलांचे ठसे. कुलूप जसंच्या तसं, किल्ली माझ्याच गळ्यात. आत मीटरवर चार्जिंग शून्य. फ्यूजची डबी उघडी... आणि रिकामी. बॅटरी शाबूत होती.

घरी आले तेव्हा हुडहुडी भरली होती. कपाटातून बाबांचा राहिलेला स्वेटर काढला. तो मीच खिसे उलटून बघून, धुऊन ठेवला होता. अंगात घातला, खिशात हात घातला, तर बोटांना काहीतरी कडक लागलं. लाल ठिपक्याचा फ्यूज.

नवरा म्हणतो, तूच काढलास नि विसरलीस. मग मी लायडनला असताना आदल्या दुपारी झालेलं चार्जिंग कुठून आलं, असं विचारलं की तो फोनवरचे आकडे पुन्हा तपासायला घेतो.

मार्चमध्ये थंडी ओसरल्यावर फ्यूज बसवायला गेले. लाइन चालू करण्याआधी खांबावर चढलेल्याला हाक द्यायची, हीसुद्धा बाबांचीच शिकवण. रिकाम्या खोपटात मी मोठ्याने म्हटलं, "बाबा, चालू करतेय."

आणि जरा थांबले. ते खाली उतरेपर्यंत.