वन्संच्या कपाटाची किल्ली

आमच्या वन्संना घाबरत नाही असा साहेब परभणी जिल्ह्यात अजून बदलून यायचाय. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. पूर्णेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या, आणि लोक गुडघे धरून बसतात त्या वयात यांनी दुसऱ्यांच्या, निराधार नाहीतर पोलिसांच्या तावडीत सापडलेल्या पोरांसाठी कचेऱ्यांच्या पायऱ्या चढायला सुरुवात केली. दिलेल्या खुर्चीवर कधी बसायच्या नाहीत. "बसलं की विसरतात," म्हणत टेबलापुढं उभ्याच. चहा आला तर तो सोबतच्या पोराला पाजायचा आणि वर साहेबांना सांगायचं, "साखर कमी हाय." कुणी पोराला आरोपी म्हटलं की "नाव हाय त्याला!" असं ओरडायच्या की शेजारच्या खोलीतलं टायपिंग थांबायचं.

पण कहर म्हणजे त्यांचं कपाट! रीतसर परवानगी काढून त्या अशी पोरं घरी सांभाळायच्या, आणि चोरीच्या प्रकरणातलं पोर आलं की पहिल्याच दिवशी कपाटाची किल्ली त्याच्या हातात. आत वन्संच्या ठेवणीतल्या साड्या, आणि गावाला जाताना मी विश्वासानं ठेवलेल्या माझ्या पाटल्या. माझा जीव टांगणीला. "वन्सं, अहो काय हे!" म्हटलं, तर म्हणे, "सगळं गाव ह्यांच्यापासून वस्तू लपवायलंय. एखाद्या घरानं तरी दाखवाव्यात की."

मग सुमी आली. आईबाप ऊसतोडीला गेलेले, काकानं घराबाहेर काढलेलं, आणि पूर्णा स्टेशनावर भुकेल्या पोरीनं एका प्रवाशाचा मोबाइल उचललेला. आता निराधार पोर बाल कल्याण समितीचं, आणि चोरी केलेलं पोर बाल न्याय मंडळाचं. सुमी दोन्हीकडची, म्हणजे कुणाचीच नाही. बरं, दोघांनीही तारीख दिली ती एकाच दिवशी, एकाच वेळी! एकीकडं हजर तर दुसरीकडं गैरहजर, आणि गैरहजेरी लागली की लांबच्या निरीक्षणगृहात रवानगी.

वन्संनी सुमीला समितीच्या आणि मंडळाच्या खोल्यांमधल्या व्हरांड्यात उभं केलं आणि आवाज दिला, "ज्यांना पोरगी पाहिजे त्यांनी बाहेर या! दोन तुकडे करून वाटायला मी हिला आणलं न्हाई!" बाई बाई, काय तो आवाज! दोन्हीकडची मंडळी खरोखरच बाहेर आली. एक साहेब म्हणाले, "चोरी केलीय तिनं. भरवसा काय?" वन्संनी सुमीच्या कमरेला अडकवलेली किल्ली दाखवली. "माझ्या कपाटाची किल्ली हिच्याकडं हाय. आणखी काय भरवसा पाहिजे तुमाला?" शेवटी आईबाप येईपर्यंत सुमीनं वन्संकडंच राहायचं, असं दोघांनी मिळून ठरवलं.

हंगाम संपला, आईबाप आपल्या गावी, चुडाव्याला परतले आणि सुमी गेली. गेली ती कपाटाला कुलूप घालून, कमरेच्या किल्लीसकट! दुसरी किल्ली नव्हतीच. भाऊबंदांना तेवढंच पाहिजे होतं. "शेवटी हात दाखवलाच पोरीनं!" वन्सं कडाडल्या, "किल्ली गेलीय, कपाट इथंच हाय! नीट बघा डोळे उघडून!"

माझ्या लेकीच्या लग्नात वन्सं रोजच्या सुती साडीत आल्या. मला फार वाईट वाटलं. म्हटलं, "किल्लीवाल्याला बोलावून कुलूपच बदलून घेते, दहा मिनिटांचं काम." त्यांनी माझा हात धरला. त्यांचा इतका मऊ आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"नको गं. कुलूप बदललं, अन् सुमी किल्ली घेऊन आली, तर तिला काय वाटंल?"

माझ्या पाटल्या अजून त्या कपाटातच आहेत. राहू द्या.