जांभळ्या कोणाशी बोलतो

शिवणकामात मास्तरांचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं मशीन, कापायचं टेबल आणि भिंतीला लागून काचेची टाकी. टाकीत खारं पाणी, प्रवाळाचे दगड आणि बोटाएवढा एकच मासा. डोक्याकडून अर्धा जांभळा, शेपटीकडून अर्धा पिवळा. "दोन रंग जोडलेत, पण शिवण कुठे आहे ते दाखवा बघू!" असं ते मापाला आलेल्या प्रत्येक बाईला सांगत. माशाचं नाव जांभळ्या.

त्याच्यासाठी मास्तर काय करत नसत? बादलीत मीठ कालवायचं, ते पुरतं विरघळू द्यायचं, खारटपणा मोजायचा, टाकीतलं पाणी आटलं की गोड्या पाण्याची भर घालायची. बायको म्हणे, "माझ्या आमटीत मीठ घालायचं राहिलं तरी यांना कळत नाही, आणि इथे चिमटीचा फरक चालत नाही!"

मग अक्का राहायला आली. मास्तरांची थोरली बहीण. एकटीच होती, गुडघे बोलायला लागले होते, म्हणून मास्तरांनीच आग्रहाने आणली. तिची खाट आतल्या खोलीत लावायची म्हणून तिथला गिऱ्हाइकांचा उंच आरसा पुढच्या खोलीत आला. तो टाकीसमोरच्या भिंतीला टेकवला आणि त्याच्या पायथ्याशी अक्काची बुटकी खुर्ची ठेवली. तिथे बसून ती हुक-बटणं लावू लागली.

आणि त्याच आठवड्यात जांभळ्याला काय झालं कोण जाणे. दगडाआडून बाहेर येऊन तो अक्काच्या बाजूच्या काचेशी दिवसभर घुटमळू लागला. पर ताठ करायचा, डुलायचा आणि तोंडाचा मोठा आ करून मिटायचा, पुन्हा आ करायचा.

"वन्सं, बोलतोय हो तो तुमच्याशी!" बायको म्हणाली.

"बोलणारच. शहाणा आहे," अक्का म्हणाली.

मास्तरांच्या पोटात दुखायला लागलं. हे दुखणं जुनं होतं. लहानपणी शेजाऱ्यांचं कुत्रं त्यांच्यावर भुंकायचं आणि अक्कामागे शेपूट हलवत शाळेपर्यंत जायचं. लग्न झालं, तर नवी नवरी चार दिवसांत अक्काच्या पार्टीत. ते सगळं त्यांनी गिळलं होतं. पण हा मासा त्यांनी स्वतः पिशवीत घालून, मांडीवर धरून घरी आणलेला! तोही तिचाच?

अक्काच्या जांभळ्या शालीला तो भुलत असेल, म्हणून त्यांनी शाल धुवायला टाकली. मासा डुलतच राहिला. मग म्हणाले, "अक्का, इथे वारं लागतं. आत बस ना."

"उजेड इथेच आहे रे बाळ्या. मी काय तुझ्या डोळ्यांत खुपते?"

समोर बाहीचं माप द्यायला उभी असलेली बाई फिसकन हसली. साठीच्या बाळ्याने टेप गळ्यात टाकली आणि माप पुन्हा पहिल्यापासून घेतलं.

हळूहळू जांभळ्या खाईनासा झाला. पोट खपाटीला गेलं, रंग विटक्या कापडासारखा झाला, काचेवर धडकून ओठ पांढरा पडला. "वन्संसाठी झुरतोय," बायकोने चेष्टा केली. मास्तरांना हसू आलं नाही. असंच चाललं तर तो मरणार हे त्यांना दिसत होतं. आणि मरेपर्यंत तो आपल्याकडे एकदाही वळून बघणार नाही, हेही दिसत होतं.

एका दुपारी बायको अक्काला दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. दार लागलं आणि मास्तर पटकन अक्काच्या खुर्चीत जाऊन बसले.

जांभळ्या आला! पर ताठ, तोंडाचा आ. "ओळखलंस रे?" मास्तर खुर्चीच्या कडेवर सरकले. तेवढ्यात खुर्चीवरचं बटण घरंगळलं. ते उचलायला मास्तर वाकले, पण माशाचा डोळा काही खाली आला नाही. ते खुर्चीसकट बाजूला सरकले. मासा तिथेच, आणि नजर वरच.

मास्तरांनी मागे वळून पाहिलं. आरशात उजळलेली टाकी होती, आणि त्या टाकीत तोंडाचा आ केलेला दुसरा जांभळ्या.

ते बोलणं नव्हतंच, भांडण होतं. आपल्या दगडावर दुसरा कोणी आला म्हणून तो बिचारा दिवसभर त्याला हाकलत होता, आणि तो दुसरा काही केल्या हटत नव्हता. मास्तरांनी अस्तराचं कापड आणून आरशावर टाकलं. जांभळ्या थोडा वेळ रिकाम्या भिंतीकडे बघत राहिला, मग दगडाच्या बिळात शिरला.

मास्तरांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. येऊ दे अक्काला. तोंडावर सांगतो.

अक्का आली. गाल सुजलेला. खुर्चीत टेकून तिने टाकीकडे पाहिलं. कोणी आलं नाही. "जांभळ्या?" बिळातून पिवळी शेपटी हलली, तेवढंच.

"रुसला रे," ती म्हणाली. "न सांगता गेले ना मी." सुई हातात घेऊन ती तशीच बसून राहिली. अक्काकडे कोणी पाठ फिरवली आहे, हे मास्तरांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

"अक्का, तो तुझ्याशी..." मास्तरांनी टाकीजवळचा चिमटा उचलला. "तुझ्यावर नाही, डॉक्टरवर रुसलाय. टाकीशी ये, हा चिमटा घे. कोळंबीचा तुकडा धर पाण्यात, आणि हलू नकोस."

"आरशावर कापड कशाला?"

"त्याच्या डोळ्यांना त्रास होतो."

जांभळ्या बाहेर आला, थबकला आणि त्याने तुकडा गिळला. मग दुसरा. पहिल्याच दिवशी! मास्तरांच्या चिमट्याशी यायला त्याने कित्येक महिने घेतले होते.

"बघ रे बाळ्या, माझ्या हातून कसा घेतो!"

"बघतोय," असं म्हणून मास्तर मशीनवर बसले आणि दाणदाण पायडल मारू लागले. डोळ्याच्या कोपऱ्यातून घास मात्र मोजत होते. तीन. चार. पोट भरत होतं.

बायको जवळ येऊन उभी राहिली. "अहो," ती हळूच म्हणाली, "सुईत दोरा नाही."