शनिवारची देणगी

ते प्रकरण आठवलं की आजही माझं डोकं तापतं.

मुरबाड भागातल्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो. एका सकाळी धसईकडची एक विधवा बाई एसटीने आली. तिची तक्रार कुठल्या कलमात बसवावी ते ठाणे अंमलदाराला कळेना, म्हणून त्याने तिला बाकावर बसवून ठेवलं होतं. तिचा नवरा मुरबाडला उपचाराला नेताना वाटेतच गेला होता. पुढे तिने गावात दवाखाना व्हावा म्हणून वीस गुंठे जमीन एका धर्मादाय संस्थेला बक्षीसपत्राने दिली.

"इमारत झाली, पाटी लागली. पण आमाला आत सोडत नाय," ती म्हणाली. "गाड्या येतात, माणसं तलावात डुंबतात. आजारी माणूस डुंबतो काय, सायेब?"

मी जाऊन पाहिलं. दवाखान्याच्या पाटीमागे पोहण्याचा तलाव आणि पाहुण्यांच्या खोल्या होत्या. व्यवस्थापकाने भिंतीवरचं आयकर सवलतीचं प्रमाणपत्र दाखवलं. "ही ना-नफा संस्था आहे. इथे काही विकत नाहीत. पाहुणे खुशीने देणगी देतात."

माझ्या पगारातला टॅक्स पगार हातात पडण्याआधीच कापला जायचा. मी भाजीवाल्याचा मुलगा, स्वतःच्या हिमतीवर वर आलेला. त्या प्रमाणपत्राकडे बघून अंगाची आग झाली.

दुसऱ्या दिवशी समोर दोन पंच बसवले आणि पाहुणा म्हणून संस्थेत फोन लावून शनिवारच्या मुक्कामाचं विचारलं. देणगीचा आकडा ऐकून मी निम्मा सांगितला.

"जमणार नाही. शनिवारची देणगी वेगळी असते," पलीकडून उत्तर आलं. "रविवारी मुक्काम वाढवा, थोडी कमी करू. नाश्ता धरून."

एक पंच तोंडावर रुमाल धरून हसत होता. मग एका हवालदाराला सपत्नीक पाठवलं. त्यांना पावती मिळाली, 'रुग्णसेवेसाठी ऐच्छिक देणगी'. अशी पावती दाखवून पाहुणे स्वतःचाही टॅक्स वाचवत होते.

नफा सापडला, गुन्हा सापडला, असं मी ओरडलो. धर्मादाय कार्यालयातल्या निरीक्षक बाईंनी मला थंड केलं. "नफा होणं गुन्हा नाही, साहेब. शिल्लक राहिली तर राहू दे. ती संस्थेच्या उद्देशावरच खर्च झाली पाहिजे, विश्वस्तांच्या घरी जाता कामा नये. त्याच अटीवर टॅक्स माफ असतो. आणि यांच्या हिशोबात तर दरवर्षी तोटा आहे."

मग एवढे पैसे जात कुठे होते?

व्यवस्थापकाला चौकशीला बोलावलं. मी आवाज चढवला तसा तो गप्प झाला. चहा मागवला आणि सहज विचारलं, "तुझा पगार वेळेवर होतो का रे?"

तिथे तो सुटला. "दोन महिने नाय, सायेब. पण अध्यक्षांच्या जावयाला दर सोमवारी चेक. जेवण त्याचं, चादरी त्याच्या, गाड्या त्याच्या. बाजाराच्या तिप्पट भाव."

धाकाने माणूस तोंड मिटतो. स्वतःवरच्या अन्यायाबद्दल विचारलं की मालकाचं सगळं सांगतो.

अध्यक्ष म्हणाले, "मी समाजसेवक आहे. एक रुपया घरी नेला नाही."

"खरंय. जावयाने नेला," मी म्हणालो.

फसवणूक आणि अपहाराचा गुन्हा दाखल झाला. आठवड्यात अध्यक्षांना जामीन. वर मलाच वरून फोन, 'चांगल्या कामात खोडा का घालता?' पुढे संस्थेची सवलत रद्द झाली, थकलेला टॅक्स सरकारला मिळाला. त्या बाईला काय मिळालं? दोषारोपपत्रात तिच्या नुकसानीला रकानाच नव्हता.

धर्मादाय कार्यालयाने प्रशासक नेमला. त्याच्याकडे मी दवाखान्यासाठी आठवड्यातून सहा दिवस डॉक्टर मागितला. तो दोनवर अडला. मी भांडलो, टेबलावर हात आपटला, तरी दोनच.

संस्था ना-नफा आहे एवढ्यावर मी आता कुणालाच सोडत नाही. देणगीची पावती पुढे करणाऱ्याला आधी विचारतो, कुणासाठी काम करता ती माणसं दाखवा. लोक चिडतात. चिडू देत.

मंगळवारी आणि शुक्रवारी डॉक्टर येणार, हे सांगायला मी स्वतः त्या बाईच्या घरी गेलो होतो.

"म्हंजे बाकीच्या दिवशी आमी आजारी पडायचं नाय," ती म्हणाली. "सांगते गावात."