“आवड नाही” असं मी लिहिलं होतं, मॅडम

हेमलता मॅडमनी मला खोटं ठरवलं होतं.

आणि त्या बरोबर होत्या.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं. त्या होत्या तोवर हे कुठे बोललो नाही. आज लिहून टाकतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मॅडम शहाद्याला कॉलेजात भूगोल शिकवायच्या. ब्राह्मणपुरीच्या शेतकऱ्याची मुलगी. पण त्यांचं संशोधन खडकांवर नव्हतं की पावसावर नव्हतं. शाळा, ट्रेनिंग, सरकारी योजना माणसापर्यंत कुठवर पोचतात, कुठे अडकतात आणि का अडकतात, यावर त्यांनी अख्खी नोकरी घातली.

मी तळोद्याला एका प्रशिक्षण केंद्रात मोटार रिवाइंडिंग शिकवतो. जळालेल्या पंपाची जुनी तार काढून नवी भरायची, ते काम.

एक दिवस मॅडम आल्या आणि मागच्या बॅचचं रजिस्टर मागितलं.

मनात म्हटलं, भूगोलाच्या बाईंना माझ्या रजिस्टरशी काय घेणं?

दिलं काढून. मध्येच सोडून गेलेल्या मुलामुलींच्या नावापुढे मी रिमार्क लिहिला होता. “आवड नाही.”

सगळ्यांपुढे तोच.

मॅडमनी नावं-गावं वहीत उतरवून घेतली, चहा घेतला आणि गेल्या.

महिन्याभराने परत आल्या. चपला धुळीने भरलेल्या. या वेळी कॉलेजची मराठी नाही. वर्गातल्या बाकावर बसल्या आणि सरळ अहिराणीत विचारलं,

“भाऊ, तुन्हा वर्ग कितला वाजता सुटस?”

“पाचला.”

“आनि डोंगरनी शेवटली जीप?”

जन्म तळोद्यात गेला माझा, आणि मला ते माहीत नव्हतं.

“साडेतीनले,” त्याच म्हणाल्या. “आवड नही, असं तू लिखं. त्या पोरीसले इचारं व्हतं का?”

मला राग आला. म्हटलं, “मॅडम, तुमचा पेपर छापून येईल, तुमचं नाव होईल. माझी नोकरी जाईल त्याचं काय?”

“केंद्रनं नाव लिखनार नही. पन खोटं बी लिखनार नही. मन्हासंगे चाल, मंग बोल.”

रविवारी गेलो. चिडूनच गेलो.

जीप जिथे थांबते तिथून पुढे दोन टेकड्या पायी. मॅडमचे गुडघे दुखायचे. थांबायच्या, पाणी प्यायच्या, परत चालायला लागायच्या. मी एकदा म्हटलं, जाऊ द्या, परत फिरू.

त्या चालत राहिल्या.

वनिताच्या घरी पोचलो. माझ्या वर्गातून पंधरा दिवसांत गेलेली मुलगी. घरात सगळे त्यांच्या पावरी बोलीत बोलत होते. ती आमच्याशी शाळेतल्या मराठीत बोलली.

“सर, एरवी मी वर्ग अर्धा सोडून जीप गाठायचे. शेवटपर्यंत बसले तेव्हा दोनदा चालत घरी आले. दुसऱ्यांदा वाटेतच अंधार पडला. मग आईने नको म्हटलं.”

आत गेली आणि वही घेऊन आली. वाइंडिंगची आकृती, दोन रंगांच्या पेनने काढलेली. मी फळ्यावर काढतो त्याहून नीट.

“आवड नाही असं मी म्हटलं नव्हतं, सर.”

मला तिच्याकडे बघवेना.

उतरताना मॅडम तशाच थांबत, पाणी पीत चालल्या होत्या. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी लेखी दिलं. माझे रिमार्क चुकीचे आहेत, न विचारता लिहिलेत, वर्गाची वेळ बदला. मॅडमनी तो कागद आपल्या पाहणीच्या रिपोर्टला जोडला आणि आमची कार्यालयांची फेरी सुरू झाली.

सगळीकडे एकच. “वेळ वरून ठरते.”

एक साहेब तर हसून म्हणाले, “मॅडम, तुम्ही भूगोलाच्या. नद्या-डोंगर बघा ना!”

मॅडम म्हणाल्या, “तेच बघतेय, साहेब. मुलं त्या डोंगरातूनच येतात.”

त्याच सुमारास त्यांचा पेपर परत आला. “हा भूगोल नाही” असा शेरा. मला वाटलं आता बाई खचतील. त्यांनी नकाशात आणखी काही गावं घातली, प्रत्येक गावापुढे जीपची वेळ लिहिली आणि दुसरीकडे पाठवला.

तिथे छापून आला.

वेळ बदलायला त्यानंतरही बरेच महिने गेले. पण बदलली. वर्ग दहाला सुरू, तीनला बंद. राहिलेले तास शनिवारी.

वनिता परत आली. कोर्स पूर्ण केला. आज शहाद्याला एका दुकानात ऊस-केळीवाल्यांच्या पंपाच्या मोटारी भरते.

सगळं छान झालं असं मात्र नाही. काही मुलं तरीही सुटली, घरच्यांबरोबर ऊसतोडीला गुजरातला गेली. मॅडमनी तेही लिहिलं. मी म्हटलं होतं, ते कशाला लिहिता?

“जमलं तेवढंच लिहिलं तर ती जाहिरात होते रे.”

शेवटची भेट हॉस्पिटलात. आवाज बारीक झाला होता, पण विषय तोच. “तोरणमाळकडनी गावं राही गयात.” उशाशी पिशवी होती. त्यात घरोघरी जाऊन भरायचे पाहणीचे कोरे फॉर्म.

म्हटलं, “मॅडम, मी पीएचडी नाही. मला कसं जमेल?”

“दार वाजाडाले पीएचडी लागत नही.”

पिशवी माझ्या हातात दिली आणि डोळे मिटून पडून राहिल्या.

वर्षभर मी ती कपाटात ठेवली. भीती वाटत होती, खरं सांगतो.

काल काढली. मॅडमच्या कॉलेजातल्या दोन पावरा मुली सोबत येणार आहेत, बोलीसाठी. रजा मंजूर झालीये. सोमवारी सकाळी तोरणमाळकडे निघतोय.

मॅडम, तुम्ही आता निवांत राहा.

इकडचं आम्ही बघतो.

मनापासून नमस्कार.